आडनावाचा माग, नागपूरच्या दप्तरांतून

साडेतीन शहाण्यांपैकी एक अख्खा शहाणा नागपूरकरांचा: नागपूरकर भोसल्यांचे कारभारी, नरखेडचे देवाजीपंत चोरघडे. इतका नामांकित माणूस. पण जुन्या कागदांत ‘चोरघडे’ एवढेच आडनाव धरून कोणी त्यांना शोधू लागले तर बराच काळ हाती काही लागत नाही. मराठी पत्रांत ते ‘देवाजीपंत’ किंवा ‘दिवाकर पुरुषोत्तम’ म्हणून भेटतात. वॉरन हेस्टिंग्जच्या काळातल्या इंग्रजी पत्रव्यवहारात त्यांचेच ‘देवागर पंडित’ होते. माणूस एक, नावे तीन आणि तिन्हींत आडनाव नाही.

आपल्या आडनावाचे मूळ शोधायला निघालेल्या विदर्भातल्या वाचकाने हे उदाहरण आधी ध्यानात घ्यावे. अठराव्या शतकात ओळख सांगायची तर स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि वतन किंवा हुद्दा पुरत असे. आडनाव होते, पण ते प्रत्येक कागदावर लिहायलाच हवे अशी सक्ती नव्हती. शाळेचा दाखला, कोर्टाचा दावा, नोकरीचे सेवापुस्तक यांनी रकाने आखले, तेव्हा कुठे ते पक्के झाले. त्यामुळे एकाच घरातला एक भाऊ शेतीच्या कागदावर ‘पाटील’, दुसरा शाळेच्या नोंदीत मूळ आडनावाने आणि तिसरा गाव सोडून गेल्यावर गावाच्या नावापुढे ‘कर’ लावलेला, असे सर्रास दिसते. सबब, शोधाचा खुंटा गावात ठोकावा. गाव, बापाचे नाव, आजोबांचे नाव ही त्रयी हाती असली की आडनाव बदलले तरी माणूस सुटत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आडनाव एक म्हणजे घराणे एक, असे मुळीच नाही. ‘देशमुख’, ‘पाटील’, ‘चौधरी’ ही तर कामाची आणि मानाची नावे. ती अनेक जातींत, अनेक गावांत स्वतंत्रपणे उगवली. ‘मेश्राम’ हे गोंडांमधले मोठे कुळ. आदिलाबादकडच्या केसलापूरची नागोबाची जत्रा याच कुळाची. पण नागपूर-भंडारा-चंद्रपूर पट्ट्यात मेश्राम आडनावाची बौद्ध कुटुंबेही हजारोंनी आहेत. मुंबईतले ठाकरे कायस्थ आणि विदर्भातले कितीतरी ठाकरे कुणबी. ‘आमच्या आडनावाचे सगळे मूळचे अमुक गावचे’ असे लग्नाच्या पंगतीत छातीठोकपणे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, पण पेन्सिलीने.

खुद्द नागपूरच्या राजघराण्याचेच पाहा. सातारचे भोसले आणि नागपूरचे भोसले, दोघांचे मूळ एकच असे परंपरा सांगते. पण नागपूरकर हे ‘हिंगणीकर भोसले’ म्हणून वेगळे ओळखले जातात आणि शिवछत्रपतींच्या शाखेशी त्यांचा दुवा निर्विवादपणे जोडणारा कागद अभ्यासकांच्या हाती नाही. पुढची गंमत दत्तकाची. १८१८ मध्ये अप्पासाहेबाला काढून इंग्रजांनी ज्या मुलाला गादीवर बसवले तो दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा, म्हणजे जन्माने गुजर. दत्तक जाऊन तो तिसरा रघूजी भोसले झाला. १८५३ च्या डिसेंबरात तो निपुत्रिक वारला, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. त्यानंतर यशवंतराव अहिरराव दत्तक आले आणि जानोजी भोसले झाले. इंग्रजांनी त्यांना किताब दिला ‘राजेबहादूर ऑफ देऊर’ आणि हे देऊर साताऱ्याकडचे! एका शतकाच्या आत दोन वेळा रक्त एका आडनावाचे आणि नाव दुसऱ्या आडनावाचे. राजघराण्यात हे बखरींनी आणि रेसिडेन्सीच्या कागदांनी नोंदवून ठेवले. साध्या घरात त्याची खूण एखाद्या पत्रातल्या अर्ध्या ओळीत राहते. वंशावळीत एका पिढीला बापाचे नाव अचानक जुळेनासे झाले, तर लिहिणाऱ्याची चूक म्हणून सोडून देऊ नये. आधी दत्तकाची शंका घ्यावी.

शोधाला सुरुवात मात्र राजांच्या दप्तरातून करायची नाही, घरातल्या ट्रंकेतून करायची. त्यातही पहिली फाइल कोणती काढावी? जात वैधता प्रमाणपत्राची. महाराष्ट्रात या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे लागतात. त्यामुळे घरातल्या कोणीतरी, बहुधा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या घाईत, तहसीलीत आणि शाळेत खेटे घालून आजोबा-पणजोबांचे कागद आधीच गोळा केलेले असतात. प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल हे सगळे एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पडलेले असते. प्रवेश झाला की त्या फोल्डरकडे कोणी बघत नाही. चुलत्यांच्या घरची फाइलही मागून घ्यावी. दोन शाखांनी वेगवेगळे कागद काढलेले असतात आणि तेच नेमके एकमेकांना पूरक ठरतात.

मग पत्रे. पोस्टकार्ड हिंदुस्थानात १८७९ च्या जुलैत एका पैशाला सुरू झाले, म्हणजे कार्ड त्याहून जुने असणार नाही. तारीख पुसली असली तरी नागपूरकडच्या पत्त्यावरून काळ ठरवता येतो, कारण या शहराने राज्ये फार बदलली. पत्त्यात ‘सी. पी.’ असेल तर पत्र बहुधा १९५० च्या आधीचे. नागपूरपुढे ‘म. प्र.’ असेल तर २६ जानेवारी १९५० ते ऑक्टोबर १९५६ या काळातले, कारण तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. ‘मुंबई राज्य’ असेल तर नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६० मधले. कार्डावर ‘नये पैसे’ छापले असतील तर ते एप्रिल १९५७ नंतरचे, आणि पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. जुनी माणसे सवयीने पुढेही ‘सी. पी.’ लिहीत राहिली, म्हणून एका खुणेवर विसंबू नये. पोस्टाचा शिक्का भिंगाखाली पाहावा.

मजकुराआधी मायना वाचावा. ‘तीर्थरूप’ वडीलधाऱ्यांना आणि ‘चिरंजीव’ धाकट्यांना, पण ‘चिरंजीव’ म्हणजे दर वेळी स्वतःचा मुलगा नव्हे. पुतण्या, भाचा, जावई यांनाही तेच. ‘तीर्थरूप काकासाहेब’ म्हणजे सख्खा काका की बापाला काका म्हणण्याची घरची रीत, हेही तपासावे. खरा माल पत्राच्या शेवटी आणि समासात असतो. तिथे जागा पुरली नाही म्हणून उभ्या-आडव्या ओळींत ‘बापूस आशीर्वाद, उमरेडच्या आत्यास नमस्कार, काटोलचे दाजी येऊन गेले’ अशा धर्तीचा मजकूर कोंबलेला असतो. एवढ्यावरून आत्याचे सासर आणि दाजींचे गाव कळते. लेकीसुनांची नावे सरकारी कागदांत क्वचित येतात. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको, तमक्याची मुलगी’ अशी नोंद झालेल्या देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रिया मतदार यादीतून गळल्या. घरच्या पत्रांत मात्र त्या नावानिशी असतात, माहेरासकट.

एक कागद मात्र मिळणार नाही, हे गृहीत धरावे. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडत आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवत नसत. म्हणून कुटुंबाच्या पत्रसंग्रहात बारशी, मुंजी, लग्ने भरपूर आणि मृत्यू जवळजवळ नाहीत. मृत्यूची तारीख दुसरीकडून काढावी लागते: श्राद्धाची तिथी विचारावी, वारसाचे फेरफार पाहावेत. लग्नपत्रिका फेकू नये. खालच्या बाजूची निमंत्रकांची आणि विनीतांची रांग म्हणजे त्या साली हयात असलेल्या भाऊबंदांची गावासकट यादीच.

घरचा साठा संपला की सरकारी दप्तर. इथे विदर्भातल्या माणसाला एक भूगोल पाठ हवा: आपले गाव वर्धा नदीच्या कोणत्या अंगाला? नदीच्या पूर्वेचा नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा मुलूख भोसल्यांचा. खालसा झाल्यावर १८६१ मध्ये तो मध्य प्रांतात गेला आणि तिथे मालगुजारी पद्धत आली. पश्चिमेचे वऱ्हाड निजामाचे. ते १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले, तिथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी झाली आणि १९०३ मध्ये ते कारभारापुरते मध्य प्रांताला जोडले गेले. म्हणून अमरावतीच्या मावशीला जो कागद सहज मिळाला, त्याच नावाचा कागद उमरेडच्या तहसीलीत मागितला तर बाबू गोंधळून पाहतो. त्याचा दोष नाही.

पूर्व विदर्भात मागायचे ते बंदोबस्ताचे कागद. पहिला बंदोबस्त १८६० च्या दशकातला. नागपूर जिल्ह्याचा १८९० च्या दशकातला बंदोबस्त रेजिनाल्ड क्रॅडॉक याने केला. हाच पुढे प्रांताचा चीफ कमिशनर झाला. गावाची बंदोबस्त मिसल, खसरा, जमाबंदी, वाजिब-उल-अर्ज यांत मालगुजार, कुळे, त्यांच्या बापांची नावे, जात आणि गावच्या रूढी सापडतात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. त्यानंतरच्या अधिकार अभिलेखात कसणाऱ्यांची नावे नव्याने चढली. हे कागद तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे असतात. वाचताना काही आखूड शब्द सतत येतात: ‘वल्द’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकीन’ म्हणजे राहणार. ‘साकीन’पुढे दुसऱ्याच गावाचे नाव दिसले तर थांबावे. घराणे कुठून आले, याचा तो पहिला लेखी पुरावा असू शकतो.

कोतवाल बुक हा विदर्भातल्या शोधाचा कणा. गावातली जन्म-मृत्यूची नोंद त्यात तारखेनिशी असते, बापाच्या नावासह आणि जातीसह. पण बारशाच्या आधीच नोंद झालेली असल्याने बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. मग भावंडांच्या जन्मांतले अंतर लावून आजोबा कोणते ते ठरवावे लागते. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली जन्मतारीख आणि कोतवाल बुकातली तारीख जुळली नाही तर कोतवाल बुकावर जास्त भरवसा ठेवावा. शाळेतल्या तारखा गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या असत, आणि जून-जुलैत जन्मलेल्यांची गर्दी पाहिली की त्याची खात्री पटते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांच्या नोंदींत जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ आले. त्याआधीची पिढी शोधताना रकान्यातला शब्द वेगळा असणार, हे नक्कल मागतानाच सांगून ठेवावे.

कुठे कुठे आडनावे दडलेली असतात याचा अंदाज २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेने सगळ्या राज्याला दिला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात महसूल आणि शाळांबरोबर तुरुंग, पोलीस, उत्पादन शुल्क, दुय्यम निबंधक अशा कचेऱ्यांची जुनी रजिस्टरेही उघडली गेली; जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे ५४ लाख नोंदी मिळाल्याचे सांगितले गेले. त्यातल्या कित्येक मोडीत. या मोहिमेचे राजकारण बाजूला ठेवले तरी आडनाव शोधणाऱ्याला तिचा थेट फायदा आहे: अनेक जिल्ह्यांनी या नोंदी संकेतस्थळावर टाकल्या आहेत. आपली जात कोणतीही असो, आपल्या गावच्या रजिस्टरांपैकी कोणती शिल्लक आहेत, एवढे त्यातून कळते.

वाटणीचे दावे विसरू नयेत. भाऊबंद भांडले की वकील वंशावळ जोडतो, आणि तिच्यावर समोरचा पक्ष हरकत घेतो, म्हणून ती इतर कोणत्याही वंशावळीपेक्षा जास्त तावूनसुलाखून निघालेली असते. नागपूरला हायकोर्ट ९ जानेवारी १९३६ ला झाले. त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. मोठे दावे ‘एआयआर नागपूर’च्या जुन्या खंडांत छापलेले आहेत आणि ते वकिलांच्या ग्रंथालयांत चाळता येतात. आडनाव बदललेच असेल तर जाहीर सूचना शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये पाहावी.

भोसलेकाळापर्यंत पोचण्याची हौस आणि हिंमत असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयातले पुराभिलेखागार गाठावे. १९५६ मध्ये राजधानी गेली तेव्हा मध्य प्रांताच्या कागदांची वाटणी झाली, म्हणून काही साखळ्या भोपाळला तुटलेल्या दिसतात. जाण्यापूर्वी छापील साधने वाचून घ्यावीत: एच. एन. सिन्हा यांनी संपादित केलेले नागपूर रेसिडेन्सी रेकॉर्ड्सचे पाच खंड, या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आणि १९०८ चे नागपूर जिल्हा गॅझेटिअर. विदर्भ संशोधन मंडळाच्या प्रकाशनांतही स्थानिक घराण्यांची माहिती विखुरलेली आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येते, पण तिथे शोधताना इंग्रजांचे कान उसने घ्यावे लागतात. भोसल्यांचे ‘बून्सला’, नागपूरचे ‘नागपोर’, वर्ध्याचे ‘वुर्दा’, अमरावतीचे ‘ऊमरावती’. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वूण’, आणि नागपूरच्या भोसल्यांना इंग्रज म्हणत ‘बेरारचा राजा’. एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगे टाकून पाहिल्याशिवाय ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

मोडी शिकावी की मोडीवाचक गाठावा? दहा-पंधरा कागद असतील तर वाचक गाठणे स्वस्त पडते. संपूर्ण गावाचे दप्तर चाळायचे असेल तर शिकण्याला पर्याय नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, अनुस्वार अनेकदा गाळलेला असतो. म्हणून आडनाव पहिल्यांदा वाचले तसे लगेच पक्के मानू नये; त्याच हाताने लिहिलेले त्याच गावातले ओळखीचे शब्द शोधून अक्षरे ताडून पाहावीत.

कालगणनेचा हिशेब तुलनेने सोपा. शकात ७८ मिळवले, फसली सनात ५९० मिळवले, शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने त्यातल्या जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी आणखी एक मिळवायचा. शुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहीत. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७०. मृगापासून सुरू होणारे ते वर्ष १७६९-७० चे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आणखी एक मार्ग. नाशिक, त्र्यंबक, प्रयाग, गया इथल्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नोंदी गाव आणि जातीनुसार असतात, म्हणजे तिथेही आडनावापेक्षा गाव आधी सांगावे लागते. अस्थी घेऊन कोण केव्हा आले, बरोबर कोण होते, हे त्यात मिळते. मृत्यूचे कार्ड फाडून टाकणाऱ्या समाजाने मृत्यूची नोंद ठेवली ती अशी तीर्थावर. काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांतही आहेत. ते वाटाडे म्हणून वापरावेत, पण त्यांतल्या सुरुवातीच्या पिढ्या बहुधा आठवणींवर उभ्या असतात. प्रतिज्ञापत्रावरच्या वंशावळीचेही तसेच. ते एका माणसाचे म्हणणे असते.

म्हणून वंशावळीतल्या प्रत्येक नावापुढे, ते कोणत्या कागदात, कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेला पाहिले हे लिहावे. नाते जोडायला किमान दोन स्वतंत्र कागद असावेत. त्याच आडनावाचे दुसरे कुटुंब भेटले तर आधी गाव, कुलदैवत, सोयरिकी ताडाव्यात, आणि जिवंत माणसांची जन्मतारीख किंवा पत्ता सामायिक तक्त्यात घालू नये. दुसरेपणाची लग्ने, दत्तक, सोडचिठ्ठ्या वर येतात. त्या कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नयेत. मूळ पत्रे लॅमिनेट करू नयेत, सेलोटेप लावू नये. फोटो काढून घ्यावेत आणि कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत.

बऱ्याच जणांचा धागा विदर्भाबाहेर जातो. सौंसर, पांढुर्णा, मुलताई हा मराठी बोलणारा भाग आज मध्य प्रदेशात आहे. रतनपूरला बिंबाजी भोसले राहिल्यापासून बिलासपूर-रायपूरकडे मराठी घरे गेली. भोसल्यांची ठाणी कटकपर्यंत होती. मध्य प्रदेशात किंवा बिलासपूर-रायपूरकडे नक्कल मागताना अर्ज हिंदीत करावा, ‘मिसल बंदोबस्त’ आणि ‘अधिकार अभिलेख’ ही दप्तरांची नावे तशीच लिहावीत, आणि गावाचे जुने परगण्याचे नाव, पटवारी हलका क्रमांक, पूर्वजाचे व त्याच्या बापाचे नाव आणि अंदाजे साल एवढे घालावे. आडनावाचे जे जे रूप घरात ऐकले असेल ते सगळे खाली ‘उर्फ’ लावून द्यावे.